समोरचं झाकण

माझ्या पहिल्या कंप्युटरच्या पेटीचं समोरचं झाकण उंदरांनी कुरतडलं होतं. ती मशीन मला पुन्हा पहिल्यासारखी करायची होती. बीदरच्या भंगारात तसलं झाकण मिळालं नाही, म्हणून आळंदच्या एका कंप्युटर क्लासवाल्या सरांकडे गेलो.

सरांच्या गळ्यात टाय, पायात स्लीपर. टेबलावर अगदी तसलीच पेटी होती. बोलता बोलता ते रुमालानं तिचं झाकण पुसायचे, लेकराचं तोंड पुसावं तसं. मी मागच्या फटीतून आत डोकावलो. आत उदबत्तीचा पुडा होता, बाकी काहीच नव्हतं.

"सर, नुसती पेटीच हाय. समोरचं झाकण द्या की."

"ते कसं देऊ अण्णा? त्याच्यावरच तर क्लास चालायलाय. मागचं न्या. मागं कोण बघतंय?"

तेवढ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन तिचं नाव घालायला आले. मी त्यांना म्हणालो, "काका, पेटी रिकामी हाय."

"व्हय," सर शांतपणे म्हणाले. "आम्ही आधी बाहेरचंच शिकवतो."

काकांना ते पटलं. मी निघालो, तेव्हा मुलगी भीत भीत त्या पेटीचं बटण दाबत होती.

"शाब्बास," सर म्हणाले. "हेच लई जणांना येत न्हाई."