पासपोर्ट जमा असताना

माझ्या ताईला घणसोली गावात सगळे ‘मस्कतवाली’ म्हणायचे. लग्न होऊन गेलेली पोर सासरच्या गावानं ओळखली जाते, तशी. ताईनं लग्न केलं नव्हतं. नर्सिंग शिकून तिनं नेरूळच्या एका इस्पितळात काही वर्षं नोकरी केली, आणि बाबा गेल्यावर घर चालवायला मस्कतची नोकरी धरली. आमच्या आळीतला पहिला पासपोर्ट तिचा. तो घरी आला तेव्हा शेजारच्या बायका हात धुऊन बघायला आल्या होत्या.

माझा पासपोर्ट निघाला तोवर त्याचं अप्रूप राहिलं नव्हतं. मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. औषधाच्या गोळ्या पाकिटात बंद करणारी यंत्रं आम्ही बनवतो आणि परदेशात विकतो. विकलेलं यंत्र तिथं जाऊन बसवायचं, चालू करून द्यायचं, तिथल्या माणसांना शिकवायचं आणि घरी यायचं, हे माझं काम. युरोपात आमचे ग्राहक वाढले, तसे माझे दौरे वाढले. प्रत्येक दौऱ्याला नवा व्हिसा. एकदा तर यंत्र बंद पडून ग्राहक रोज फोन करत होता आणि मी व्हिसाची वाट बघत घरी बसलो होतो. शेवटी साहेब म्हणाले, “आता लांब मुदतीचा बिझनेस व्हिसाच घेऊन टाकू. कितीही वेळा जा, कितीही वेळा ये.”

कागद जमवण्यात महिना गेला. ग्राहकाचं निमंत्रण, कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, विमा, जुन्या व्हिशांच्या झेरॉक्स. ताई मस्कतहून व्हिडिओ कॉल करून एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची. परदेशी कागदपत्रांत घरातली सीनियर तीच.

“फोटो दाखव. अरे, कान दिसले पाहिजेत! आणि हसतोस काय?”

“हसत नाय गं. माझं तोंडच तसं आहे.”

“मग तोंड बदल. हा फोटो परत काढ.”

मी परत काढला. अर्ज द्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं बोटांचे ठसे घेतले, कागद लावून घेतले आणि शेवटी पासपोर्ट एका पाकिटात सरकवला. “निकाल येईपर्यंत पासपोर्ट आमच्याकडे राहील. मध्ये कुठे प्रवास नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात फोन आला. मी कारखान्यात एका यंत्राची चाचणी घेत होतो. नंबर मस्कतचा, पण ताईचा नव्हता. पलीकडे तिच्या खोलीत राहणारी नर्स होती, केरळची. मी तिला व्हिडिओवर दोनचारदा पाहिलं होतं. ती हिंदीत म्हणाली, “भैया, सिस्टर ड्यूटी पे गिर गई. सर में ब्लीडिंग है. आयसीयू में रखा है.” मग, “घर से कोई आ सकता है?”

घरात होतो आम्ही दोघं, मी आणि आई. आईनं उभा जन्म मिठागरात आणि नंतर चिंबोऱ्या, जवळा अशी मासळी विकण्यात घालवलेला. तिच्याकडे पासपोर्ट असण्याचा प्रश्नच नव्हता.

मी घरी गेलो. आई ओटीवर सुकट निवडत होती. सांगितलं ते तिनं शांतपणे ऐकून घेतलं, हात झटकले आणि म्हणाली, “तू जा. आताच जा.”

“आई, पासपोर्ट नाय माझ्याकडं. व्हिसासाठी दिलाय.”

“मंग मागून आन.”

शेजारी दिलेलं पातेलं परत मागावं तसं ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं त्यात अवघड काहीच नव्हतं. वस्तू माझी, नाव माझं, फोटो माझा.

मी व्हिसा केंद्रावर गेलो. इस्पितळाचं पत्र मोबाईलवर आलं होतं, ते दाखवलं. तिथल्या माणसानं ते पूर्ण वाचलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, “पासपोर्ट इथे नाही, सर. दूतावासात गेलाय. तुम्ही अर्ज मागे घेतो म्हणून लिहून द्या, मी आत्ता पाठवतो. पण उद्यापासून शनिवार-रविवार, आणि सोमवारी त्यांची सुट्टी आहे.”

“दुसरा काहीच मार्ग नाही?”

“पासपोर्ट एकच असतो ना, सर.”

मी लिहून दिलं. साहेबांनीही दूतावासाला मेल केला, ओळखीच्यांना फोन लावले. प्रत्येक जण आपापल्या परीनं धावत होता. नंतर मी कितीदा तरी आठवून पाहिलं की यात चूक कोणाची. कोणाचीच सापडली नाही. चिडायला माणूस मिळाला असता तर कदाचित बरं वाटलं असतं.

ते दिवस आम्ही फोनभोवती काढले. तिची मैत्रीण ड्यूटी सांभाळून आयसीयूत जायची आणि फोन ताईच्या कानाशी धरायची. आई बोलायची. आईला फोनवर हळू बोलता येत नाही, सगळ्या आळीला ऐकू जायचं. “उठ गो. घराला रंग दिलाय, तू बोललीस तोच दिलाय. गनपतीला यायचा हाय ना तुला? तुजा भाऊ येतंय बघ.” पलीकडून यंत्राचा श्वास ऐकू यायचा. एका लयीत, न चुकता. यंत्राच्या लयीवरून ते बरं चाललंय की नाही हे ओळखण्यात माझी इतकी वर्षं गेली. ते यंत्र अगदी बरं चाललं होतं.

मंगळवारी दुपारी पासपोर्ट घेऊन जायचा मेसेज आला. मस्कतचा व्हिसा मी ऑनलाइन काढून ठेवला होता, तिकीट तयार होतं. केंद्रावर रांगेत उभं राहून पाकीट हातात घेतलं. आत पासपोर्ट, नवा शिक्का नसलेला. बाहेर फुटपाथवर आलो आणि लगेच तिच्या मैत्रिणीला फोन लावला.

“मिल गया. आज ही निकलता हूँ.”

मागं इस्पितळातली कुठली तरी घंटी वाजत होती. मग ती म्हणाली, “आइए भैया. आराम से आइए.”

त्या ‘आराम से’वरून मला कळलं.

मस्कतला मी तिला शवागारात पाहिलं. केस विंचरलेले होते. मैत्रिणीनं विंचरले होते. खोलीत तिच्या पलंगाखाली एक मोठी बॅग अर्धी भरलेली होती, सुट्टीची. आईसाठी दोन पातळं, माझ्यासाठी अत्तर, शेजारणींसाठी साबणाच्या वड्या. मैत्रिणीनं विचारलं, “ये सब ले जाएँगे?” मी हो म्हणालो, आणि बॅग जशी होती तशी बंद केली.

परदेशात माणूस गेलं की आपल्या दूतावासात त्याचा पासपोर्ट रद्द करतात, हे मला माहीत नव्हतं. अधिकारी बाईंनी माझा पासपोर्ट ओळख म्हणून मागितला आणि ताईचा शेजारी ठेवला. मग तिच्या पासपोर्टच्या कोपऱ्याला कात्री लावली, शिक्का मारला आणि दोन्ही मला परत दिले. “सॉरी,” त्या म्हणाल्या. दिवसातून किती वेळा म्हणावं लागत असेल त्यांना. तरी त्या म्हणाल्या, आणि खाली न बघता म्हणाल्या.

परत येताना आम्ही दोघं एकाच विमानात होतो. मी वर, खिडकीपाशी, ताई खाली मालाच्या जागेत. जेवण आलं, मी खाल्लं. भूक लागली होती याची लाज वाटत होती. मुंबईत उतरल्यावर मी प्रवाशांच्या दारानं बाहेर पडलो आणि तिला घ्यायला टॅक्सी करून कार्गोच्या गेटवर गेलो. तिथं गावातली माणसं ॲम्ब्युलन्स घेऊन थांबली होती. एका कागदावर तिचं नाव आणि वजन लिहिलेलं होतं. त्यावर मी सही केली.

घरी पेटी उघडली. आईनं तिच्या गालावर हात ठेवला, लगेच काढला आणि पुन्हा ठेवला. “थंडी वाजत आसल,” ती म्हणाली. कोणीतरी बाईनं खरंच चादर आणून दिली. खाडीकडच्या स्मशानात अग्नी दिला तेव्हा तिच्याबरोबर ती चादरही गेली.

काही महिन्यांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आडून आडून विचारलं. मला कळलं. काम थांबत नाही, आणि घर माझ्या पगारावर चालतं. मी पुन्हा कागद जमवले. या वेळी ते मला एकट्यानं तपासावे लागले. काउंटरवर वेगळी मुलगी होती. तिनं स्क्रीनवर बघत विचारलं, “मागचा अर्ज का मागे घेतला होता?”

“बहीण आजारी होती.”

“बऱ्या आहेत ना आता?”

आपुलकीनं विचारलं होतं तिनं. मागं रांग होती. मी हो म्हणालो.

पासपोर्ट जमा होता तेवढे दिवस आई रोज विचारायची, “आला का?” व्हिसाबद्दल नाही, पासपोर्टबद्दल. तो आला, त्यात मोठ्या मुदतीचा व्हिसा होता, कितीही वेळा ये-जा करण्याचा. ऑफिसात पेढे वाटले गेले. घरी मी आईला तो दाखवला. तिनं व्हिसाकडे नीट पाहिलंही नाही.

“माजा पन काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“पासपोट.”

“तुला कुठं जायचंय?”

“कुठं नाय. पन घरात आजून एक असू दे. एक दिला तर एक असल.”

दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज भरला. पासपोर्टच्या ऑफिसात तिच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. मिठागरानं रेषा खाऊन टाकल्या होत्या. तिथल्या मुलानं तिची बोटं ओल्या कपड्यानं पुसली, दाबली, पुन्हा ठेवली. आई निमूटपणे बसली होती, अंगठा पुढं करून. दोन तास लागले असतील, एकदाही ‘चल घरी’ म्हणाली नाही.

चौकशीला पोलीस घरी आले. ओटीवर बसून त्यांनी आधारकार्ड पाहिलं, माझ्याकडून दोन सह्या घेतल्या. मग सहज आईला विचारलं, “काय आजी, कुठं चालला? पोरगी-बिरगी आहे वाटतं तिकडं?”

“व्हती,” आई म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. आईनं त्यांना चहा दिला, तो त्यांनी सगळा प्यायला, आणि उठताना तिला वाकून नमस्कार केला.

पासपोर्ट टपालानं आला. आईनं पानं एकेक करून उलटली, शेवटपर्यंत. “सगला कोरा हाय,” ती म्हणाली. मग तो पातळाच्या घडीत ठेवून तिनं कपाट लावलं आणि मला विचारलं, आता तुझं जाणं कधी आहे.