मॅनेजरचं ‘विल’ आणि रिकामे क्रेट

नवसाआत्या मखमलाबादला झेंडू पिकवते. कार्यक्रमांसाठी फुलं घेणाऱ्या हॉटेलचा मॅनेजर फोनवर इंग्रजी झाडतो, ते मी त्याच्याच नाकातल्या आवाजात तिला ऐकवतो आणि अर्थ सांगतो.

“वुई मे टेक. म्हणजे घेऊ कदाचित.”

“मग फुलं तोडायची नाय. तोडून पडली की काळी पडत्यात.”

संध्याकाळी मॅनेजर गरजला, “वुई विल टेक!”

“आत्या, घेणारच म्हणतोय!”

आत्यानं डोळे बारीक केले. “त्याचे रिकामे क्रेट आले का बांधावर?”

आमच्याकडं खरंच घेणारं गिऱ्हाईक तोडणीच्या आदल्या दिवशीच क्रेट धाडतं. बांध मोकळाच होता. तिनं एक फूल तोडू दिलं नाही.

सकाळी हॉटेलातला कार्यक्रम रद्द झाल्याचा मॅनेजरचा फोन आला.

“वुई कुड नॉट...” मी नाक दाबून सुरू झालो.

“ऱ्हाऊ दे लखन. आपले क्रेट काढ, फुलं तोडून मार्केटला जाऊ.”