फक्त निमंत्रितांसाठी

"फोन ठेव. मी करतो."

काकांना फोन केला की पहिलं वाक्य हेच. तुम्ही कोण, काय काम, कुठे आग लागली आहे, काहीही ऐकून न घेता ते फोन कापायचे, खिशातली डायरी काढायचे, तुमचा नंबर शोधायचे आणि उलटा फोन लावायचे. आलेल्या फोनवरचा माणूस तोच कशावरून, असा त्यांचा सवाल. नात्याने माझे कुणी नव्हेत, सगळी कंपनीच त्यांना काका म्हणायची; चाकणच्या आमच्या कंपनीत ते संगणक-सुरक्षेचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. एका कामाला दोन फोन, अशी माझी नऊ वर्षं गेली. काकू मंडईतून मेथी घेऊ का विचारायच्या, तरी तेच. "यांचा फोन येईस्तोवर मेथी संपते," असं काकू मला सांगायच्या.

काका मूळचे चऱ्होलीचे. वडील पिंपरीत कारखान्यात होते. काका आमच्याकडे इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. कंपनीत पहिले संगणक आले तेव्हा वायरी ओढायला त्यांना ऑफिसात बोलावलं, ते परत गेलेच नाहीत. पदवी नाही, इंग्रजी यथातथा, पण कंपनीतलं एकही कुलूप त्यांना विचारल्याशिवाय उघडत नसे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. त्याच्या नावाने सगळे कपाळावर हात मारतात, आणि काही बिघडलं की आधी त्यालाच शोधतात.

आमच्याकडे एकदा चांगलंच बिघडलं. स्टोअरमध्ये सुवर्णा नावाची लातूरकडची मुलगी होती, कंत्राटावर. तिला बिल म्हणून एक मेल आला, तिने उघडला आणि तासाभरात कंपनीतले सगळे संगणक बंद पडले. अशा वेळेसाठीच दर शनिवारी सगळ्या माहितीची एक प्रत डिस्कवर काढून कपाटात ठेवलेली असे. डिस्क लावल्या. कोऱ्या होत्या. कित्येक महिने त्यांच्यावर काही उतरलंच नव्हतं. उत्पादनाची लाइन चार दिवस बंद राहिली.

आता हे सांगून टाकतो. ती प्रत महिन्यातून एकदा उघडून तपासायची आणि तक्त्यावर सही करायची, हे काम माझं होतं. मशीनवर हिरवा दिवा दिसला की मी सही ठोकायचो. काका माझ्या सहीखाली त्यांची करायचे. सख्ख्या बायकोच्या फोनवर संशय घेणाऱ्या या माणसाने माझ्या सहीवर मात्र कधी संशय घेतला नाही.

कंपनीने काय केलं? सगळ्यात मोठ्या ग्राहकाला विजेचा बिघाड म्हणून कळवलं आणि सुवर्णाला काढलं. जाताना ती आमच्या टेबलापाशी येऊन रडली. "सर, बिल म्हणूनच आलतं ओ ते."

काका तीनदा डायरेक्टरसाहेबांकडे गेले. मेल कुणीही उघडेल, प्रत चांगली असती तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइन चालू झाली असती, पोरीला परत घ्या, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणाले, "काका, विषय संपला." बाहेर येऊन काकांनी मला विचारलं, "तू काय म्हनतो?"

मी म्हणालो, "आता उकरून काय उपयोग, काका?"

ते वळून आपल्या टेबलाकडे चालू लागले.

पुढे वर्षभराने आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या संगणक-सुरक्षावाल्यांचं संमेलन वाकडच्या एका हॉटेलात भरलं. जुने-जाणते चाळीस लोक, फक्त निमंत्रितांसाठी, दारात मोबाईल जमा, आणि इथलं बोलणं इथेच ठेवायचं अशी अट. एवढा बंदोबस्त असूनही खरं कुणी बोलत नाही. जो तो "आमच्या एका मित्राच्या कंपनीत" म्हणून सुरुवात करतो. हा मित्र कोण ते सगळ्यांना कळतं आणि सगळे गंभीर चेहऱ्याने माना हलवतात.

परिसंवादाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. व्यासपीठावर बसतील, शाल-श्रीफळ मिळेल, मन शांत होईल, म्हणून मीच त्यांचं नाव घातलं. डोक्याला ताप करून घेतला. आयोजकांकडच्या एका मुलीने येणार का विचारायला फोन केला, तो यांनी कापला. तिचा नंबर डायरीत नाही, म्हणून मला फोन. मी तिला, तिने पुन्हा त्यांना, त्यांनी पुन्हा मला. मी तीन मुद्दे लिहून दिले, तर प्रत्येकाखाली बोट ठेवून विचारत बसले, "हे खरंय का पन?"

"काका, तेवढंच बोला. पुढे साहेब बसणार आहेत, ग्राहकाची माणसं बसणार आहेत. सुवर्णाचा विषय नको."

"बघू," म्हणाले.

माझी पाळी आल्यावर मी ठरलेला प्रश्न विचारला, सर्वांत मोठा धोका कोणता. दोघांनी मित्राच्या कंपनीतले किस्से सांगितले. मग काकांनी माईक घेतला.

"मित्राच्या न्हाई, आमच्याच कंपनीत झालं. चार दिवस लाइन बंद. सुवर्णा म्हनून पोरगी व्हती, तिला काढली. तिची चूक न्हाई. प्रत उघडून बघायची व्हती ती बघितली न्हाई. जबाबदारी माझी."

पहिल्या रांगेतून ग्राहकाचे अधिकारी उठले. "आम्हाला तर विजेचा बिघाड सांगितला होता."

काका म्हणाले, "मी मूळचा इलेक्ट्रिशियन, साहेब. वीज चांगली व्हती."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. डायरेक्टरसाहेब पायाखालची सतरंजी बघत होते. काकांनी माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. माझ्या हातात दुसरा माईक होता. एक वाक्य बोलायचं होतं, सही माझी होती. मी म्हणालो, "वेळेअभावी आपण पुढच्या प्रश्नाकडे वळू."

जेवताना काकांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. ते एकटेच, शांतपणे, दोनदा गुलाबजाम घेऊन जेवले. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. आठ महिने गप्प बसता येत नाही माणसाला?

ग्राहकाने लेखी अहवाल मागितला. त्यात सुवर्णा सुटली आणि तिला परत घेतलं. काकांकडून राजीनामा घेतला. त्यांची खुर्ची मला मिळाली.

मी चऱ्होलीला त्यांच्या घरी गेलो. मनाशी घोकलं होतं तसं बोलून टाकलं. "काका, सही माझी होती."

"मला म्हाईत न्हाई का? मला काय सांगतो, तिला सांग." आणि काकूंना हाक मारली, "चहा टाक गं."

सुवर्णा रोज माझ्या टेबलावरून जाते. आज सांगू, पगारवाढीनंतर सांगू, तिचं लग्न होऊ दे मग सांगू, असं चाललं होतं. त्यात एका सकाळी काका गेले. झोपेतच.

गावच्या विहारात त्यांना ठेवलं होतं. रांगेत माझ्या पुढे सुवर्णा होती, हातात फुलं घेऊन. मागे वळून हळूच म्हणाली, "सर, मला पटतच नाही ओ. एवढा वहिमी माणूस. तुम्ही तर शेजारीच बसायचा. काका खरंच न बघता सही करायचे का?"

मी म्हणालो, "पुढे हो, लोक थांबलेत."