विहारातल्या वर्गातलं ‘रन’

‘रन’ म्हणजे धावणे, एवढंच मला शाळेत शिकवलं होतं. पुढे इंग्रजीत एम. ए. करताना मोठा शब्दकोश उघडला, तर त्या एवढ्याशा क्रियापदाने पानंच्या पानं अडवलेली. रागच आला मला.

आता भांडुपला आमच्या वस्तीतल्या विहारात मी संध्याकाळी बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेते. पाठांतर बंद. मी फळ्यावर एक क्रियापद लिहायचं आणि प्रत्येकीने आपल्या कामावर ते कुठे भेटतं ते शोधून आणायचं. बोलायचं ते उभं राहून. कळलं नाही तर ‘अगेन प्लीज’ म्हणायचं. आणि बोलणं पूर्ण झाल्याशिवाय बसायचं नाही, हा नियम मी फार कडक ठेवलाय. कारण आमच्या बायका अर्ध्या वाक्यातच लाजून मटकन खाली बसतात.

‘रन’च्या आठवड्यात वर्गाला ऊत आला. अंगणवाडीच्या ताईंनी पोरांची वाहती नाकं आणली, रनिंग नोज. बस कंडक्टर मैत्रिणीने संपात न धावणाऱ्या बसेस आणल्या. पोळीभाजी केंद्रवाली म्हणाली, ‘गॅस रन आउट, टीचर, आणि माझं डोकं पण.’ माझी आई मुलुंडला औषधांच्या पॅकिंग कंपनीत आहे. तिने मशीन रन होतं, लाइन रन होते, लेबलं कमी पडली की रनिंग शॉर्ट असतात, असं सगळं एका दमात सांगितलं. आई माझ्याच वर्गात शेवटच्या ओळीत बसते. तिथे मला टीचर म्हणते आणि घरी आल्यावर विचारते, ‘भांडी कोण घासणार गं, टीचर?’

त्याच सुमारास तिच्या कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली. आईला ती मनापासून हवी होती. तिने हाताला धरून शिकवलेली माणसं वर चढली आणि ही मशीनपाशीच राहिली, कारण काय, तर इंग्रजी येत नाही. वरचे साहेब बाहेरचे, मराठी न येणारे, त्यामुळे मुलाखत इंग्रजीतच होणार होती. मी रजा टाकून सोबत गेले. केबिन काचेची, वरून उघडी. बाहेरच्या बाकावर मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि आई ताडकन उठून उभी राहिली. वर्गातल्यासारखी. ‘सिट, सिट, मॅडम,’ साहेब गडबडले. मी बाहेर कपाळावर हात मारला. वाट लागली.

‘आय टॉक, देन आय सिट,’ आई म्हणाली. आणि वर म्हणाली, ‘अगेन प्लीज.’

साहेबांनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला: लाइन उशिरा चालली असेल तर काय कराल?

‘फर्स्ट आय सी, व्हॉट इज रनिंग शॉर्ट. लेबल ऑर बॉक्स. देन आय रन सेकंड मशीन.’ आणि पुढे म्हणाली, ‘गर्ल्स आय नॉट रन. दे गेट टायर्ड, मिस्टेक कम.’

व्याकरणाची चाळण झाली होती. माझ्यातली टीचर तेवढ्यात कुठे गेली कोण जाणे. मला फक्त काचेपलीकडची ताठ मानेची बाई दिसत होती आणि ती माझी आई होती. माझा ऊर अभिमानाने भरून आला. साहेब मान हलवत लिहून घेत होते. सगळं सांगून झाल्यावरच आई बसली.

जागा तिलाच मिळाली. निरोप आला तेव्हा मी तिला विचारलं, ‘खरं सांग, भीती नाही वाटली?’

‘वाटली ना.’ मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘पण इतकी वर्षं ते लोक माझ्याच कामाबद्दल माझ्यासमोर इंग्रजीत बोलायचे आणि मी खाली बघायचे. या वेळी मी त्यांना सांगितलं.’