डागवालीच्या हातावरचं नाव

लाँड्रीत तिला सगळे डागवाली म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. राग यायच्या बाकीच्या गोष्टी तिच्याकडे भरपूर होत्या.

बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी राहिली. टेबल म्हणजे साधं नाही हं. खाली पायाशी दोन पेडल. एक दाबलं की वाफ सुटते, दुसरं दाबलं की कपड्यातलं पाणी खाली ओढलं जातं. बाजूला डागाच्या औषधांच्या बाटल्यांची रांग, कुठल्या बाटलीत काय ते फक्त तिला ठाऊक, कारण चिठ्ठ्या केव्हाच निघून गेलेल्या. कपडा आला की आधी डोळ्यांनी बघायची, मग वास घ्यायची, मग नखाने जरासं खरवडायची. आणि सांगायची, "ही कॉफी आहे, आणि वर घरी कुणीतरी साबण घासून वाट लावलीये." गिऱ्हाईक गपचूप मान खाली घालायचं.

अशा बाईच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, काळ्याभोर अक्षरांत नवऱ्याचं नाव. मी सांगेन ते सगळं लिही, पण ते नाव नको लिहूस, तो अजून हिंडतोफिरतोय.

नवरा त्याच लाँड्रीत इस्त्रीवाला. लग्नाला वर्ष झालं तेव्हा दोघं हौसेने गोंदणाच्या दुकानात गेले, हिच्या हातावर त्याचं नाव नि त्याच्या हातावर हिचं. "आधी तू," तो म्हणाला. तिने दातावर दात दाबून घेतलं गोंदवून. त्याची पाळी आली तर सुई बघूनच बाबा बाकावर आडवा. "चक्कर आली गं. पुढच्या महिन्यात करतो." तो महिना काही उजाडला नाही. वीस वर्षं तिने कौतुकाने सांगितली ही गोष्ट, हसत हसत. नंतर तीच गोष्ट सांगताना ती दातओठ खायची.

लग्न मोडलं कसं, तर डागावरून. त्याच्या शर्टाच्या खांद्यावर एक तपकिरी ठिपका. तिने नाकाशी नेला. केसांचा रंग. घरात कुणी केस रंगवत नव्हतं. तिने तो डाग आधी काढला, कारण डाग तसाच ठेवणं तिच्या हाताला जमत नाही. मग त्याचे सगळे कपडे धुतले, घड्या घातल्या, पिशवीत भरले, वर टाचणीने लाँड्रीची चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या दिवशी भर कामात त्याच्या इस्त्रीच्या फळीवर नेऊन आपटले.

"अहो, तुमचे कपडे तयार आहेत. पुन्हा टाकायला येऊ नका."

ते तिचं शेवटचं 'अहो'. त्यानंतर तो 'ए इस्त्री' झाला.

केस रंगवणारी कोण ते लपून थोडंच राहणार! हॉटेलच्या चादरींची पोती ढकलगाडीवरून घेऊन यायची, ती चादरवाली. इस्त्रीवाला तिच्याकडे राहायला गेला. कागदपत्रं झाली, नातं तुटलं, पण नोकरी कुणी सोडेना. "मी का जाऊ? मी काय पाप केलंय?" ही म्हणायची. आणि तो म्हणायचा, "मी का जाऊ? मी सीनियर आहे." सीनियर म्हणे! दोन महिन्यांनी आधी लागला होता. त्याची फळी आणि तिचं टेबल यांच्यात दहा पावलं. मध्ये वाफ. आणि टेबलाचा नियम असा की बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या, नाहीतर औषधात बुडतात. म्हणजे दिवसभर ते नाव त्याच्या डोळ्यांसमोर.

तो काय सोडतोय! गिऱ्हाईक समोर असताना मुद्दाम म्हणायचा, "माल कुणाचा आहे ते लिहिलेलंच असतं बरं का आमच्याकडे. हरवत नाही." बाकीचे खाली बघून हसायचे. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आधी तिने स्वस्तातला उपाय केला. नाक्यावरच्या एका गोंदणवाल्याने सांगितलं, वर गुलाबी-पांढरं फूल काढतो, खालचं झाकून जाईल. काढलं. महिनाभर झाकलं. मग पाकळ्यांतून अक्षरं अशी वर आली की काचेआडून कुणी वाकून बघावं. इस्त्रीवाला खूश. "वा! आता तर फुलंसुद्धा वाहिलीस."

त्या दिवशी ती तडक लेझरच्या दवाखान्यात गेली. पैसे कसे उभे केले ते तिचं तिला माहीत.

डॉक्टरीण पोरगेलीशी होती. "मावशी, काळं जातं. पण हे गुलाबी नि पांढरं लेझरने उलटं काळं पडू शकतं. म्हणून आधी एका पाकळीवर करून बघू."

"मावशी कुणाला म्हणतेस गं? आणि काय करायचंय ते कर एकदाचं."

डोळ्यांवर चष्मा चढवला. टकटक टकटक, ताणलेलं रबर कुणी हातावर सोडत राहावं तसं, आणि केस जळल्याचा वास. बघते तर पाकळी काळी ठिक्कर!

"अगं ए! पैसे घेऊन हाताला कोळसा फासलास?"

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला. जाईल तेही. पण सिटिंग जास्त लागतील. आठ आठ आठवड्यांच्या अंतराने."

"आठ आठवडे? मध्ये काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची. लेझर शाईचा नुसता भुगा करतं. तो भुगा तुमचं शरीरच हळूहळू वाहून नेतं."

हे काही तिच्या डोक्यात शिरेना. बावीस वर्षांत तिने एक गोष्ट पक्की शिकली होती की डाग ताजा आहे तोवर निघतो, शिळा झाला की बसतो. गिऱ्हाइकाने एक दिवस उशीर केला तरी ती त्याला फैलावर घ्यायची. आणि ही काल शिकून आलेली पोरगी सांगते, आठ आठवडे हात लावू नका, आपोआप जाईल! आपोआप कधी काही गेलंय का जगात?

तरी दोन सिटिंग तिने कळ काढली. फोड आले, खपल्या धरल्या, गळून पडल्या. रोज सकाळी खिडकीशी हात धरून बघायची. नाव तिथेच. पुसट झालंय असं सोमवारी वाटायचं नि मंगळवारी पुन्हा ठसठशीत दिसायचं.

तिसऱ्या सिटिंगनंतर पाचव्या आठवड्यात इस्त्रीवाला म्हणाला, "काय गं, इतकं जाळून घेतलंस तरी मी काही जात नाही म्हणायचा?"

आणि तिचं टाळकं सरकलं. टेबलावर गंजाचं पाणी होतं. लोखंडाचा गंज पडदे-चादरींवर बसतो ना, तो काढायचं जहाल औषध, रबरी हातमोज्याशिवाय त्याला शिवायचं नाही. काळी पडलेली पाकळी म्हणजे गंजासारखंच काहीतरी, असं तिने मनाशी ठरवलं. कापसाचा बोळा भिजवला, पाकळीवर ठेवला, वरून पट्टी बांधली नि कामाला लागली. दुसऱ्या कुणाला असली अक्कल सुचली नसती. ती बाटली ओळखणारीलाच सुचायची.

दुपारपर्यंत ठणका खांद्यापर्यंत चढला. पट्टी सोडली तर कातडी पांढरी, मग लाल, मग सोललेली. डॉक्टरीणबाईने कपाळावर हात मारला.

"हे कपड्याचं औषध तुम्ही अंगाला लावलंत?"

"कपड्याला तर चालतं!"

"तीन महिने आता लेझर विसरा. आणि कुठल्याही औषधात हात घालायचा नाही."

औषधात हात नाही म्हणजे टेबल नाही. मालकीणबाईंनी तिला पुढे काउंटरवर बसवलं, चिठ्ठ्या फाडायला. त्या काही वाईट नव्हत्या, पण धंदा थांबवून थोडाच ठेवणार? टेबलावर तात्पुरतं कुणी हवं. इस्त्रीवाला तयारच होता. "बाई, माझ्या ओळखीत एक आहे. हॉटेलच्या चादरींवरचे डाग काढायचं काम येतं तिला."

सोमवारी ही काउंटरवरून मागे बघते तर तिच्या पेडलवर चादरवालीचा पाय.

आता बघ, नाव हातावर असणं वेगळं आणि बावीस वर्षांचं टेबल दुसरीच्या हाती जाणं वेगळं. त्यात डाग पडलेला प्रत्येक कपडा हिनेच चिठ्ठी लावून आत न्यायचा. न्यायची नि आपटायची.

"ही बाटली इथे कुणी ठेवली?"

"मी. मला सोपं पडतं."

"तुला सोपं पडतं म्हणून रेशमाला भोकं पाडशील. तिसरी बाटली तिसरीच राहायची."

"नावं कुठे लिहिलीयेत बाटल्यांवर? तुमच्या हातावर तेवढं लिहिलंय."

हिने कपडा फेकला तो चादरवालीच्या तोंडावरच बसला. मालकीणबाई धावत आल्या.

पण गंमत अशी, की ते नाव सलायला लागलं ते चादरवालीला. दिवसातून तीसदा, कपडा देताना बाही सरकली की, तो हात तिच्यासमोर यायचा. आठवड्याभरातच इस्त्रीवाला काउंटरशी आला, आवाज एकदम लोण्यात बुडवलेला.

"जरा ऐकतेस का? ते काढून घेणार होतीस ना, त्याचं काय झालं?"

"तुला काय करायचंय?"

"तसं नाही गं. ती रोज कटकट करते. परवा तिनेही नाव गोंदवलं माझं. म्हणते, एकाच नावाच्या दोन पाट्या एका दुकानात कशाला?"

"आणि तू तिचं?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "मला ते सुईचं... तुला माहितीये ना."

ती इतकी हसली, इतकी हसली की गिऱ्हाईक दारातच थबकलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मग आता मला मुळीच घाई नाही. राहू दे की. छान अक्षर आहे."

त्या दिवसापासून तिने काउंटरवरही बाह्या दुमडल्या. तीन महिने उलटले, जखम भरली, दवाखान्यातून फोन आला, "चौथ्या सिटिंगला या." ती म्हणाली, वेळ नाही. पुन्हा फोन आला. पुन्हा वेळ नाही. कपडा आत न्यायचा असला की मुद्दाम तो हात पुढे करायची, सावकाश, एकेक अक्षर वाचून होईल इतक्या सावकाश. चादरवालीचे ओठ पांढरे पडायचे. त्यांच्या घरी रात्रंदिवस भांडणं चालल्याची खबर शेजारपाजारून यायची, आणि हिला जेवण गोड लागायचं.

एक दिवस मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं.

"हात बरा झालाय तुझा. टेबलावर कधी येतेस?"

"येईन की. इथे काउंटरवर बरं चाललंय."

"बरं चाललंय? परवा तिने एका कोटाचं अस्तर उडवलं, भरपाई मी दिली. मला तू टेबलावर हवीस. पण तुला तिला चिडवायचंच असेल तर तसं सांग, मी तिला शिकवते नि कायमची ठेवते. सोमवारी सांग."

"बाई, ती मुद्दाम—"

"कोण मुद्दाम करतंय ते मला दिसतं. सोमवारी."

रविवारी ती घरी होती. आंघोळ झाली, हाताला तेल लावायला बसली. तेल चोळलं की शाई जरा उठून दिसते, हे तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून हल्ली ती रोज चोळायची. मध्ये एक अक्षर लेझरने फिकं झालेलं, तिथे जास्त. चोळता चोळता ती मनात म्हणाली, हे नीट दिसत नाही, उद्या तिला वाचायला जड जाईल.

आणि हात तिथेच थांबला. वीस वर्षं नवऱ्याच्या कौतुकासाठी तिने ते नाव अंगावर वागवलं, मग त्याच्या टोमण्यांखाली वागवलं, आणि आता स्वतः तेल घालून जपत होती. पुन्हा त्याच्यासाठीच. त्याला त्रास द्यायला का होईना, पण त्याच्यासाठीच. आणि त्यापायी टेबल सोडायला निघाली होती. तिने स्वतःला अशी एक शिवी हासडली की ती काही मी तुला लिहायला सांगणार नाही.

सोमवारी लाँड्रीत जायच्या आधी ती दवाखान्याच्या दाराशी उभी. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, आता मध्ये काही लावणार नाही ना?"

"नाही लावणार. आणि मावशी म्हणालीस तरी चालेल. चल, आटप."

मग पट्टी बांधलेला हात घेऊन मालकीणबाईंच्या समोर. "टेबल माझं. पण प्रत्येक सिटिंगनंतर दहा दिवस मला औषधाला हात लावता यायचा नाही. त्या दहा दिवसांत कुणालाही उभं करा. अकराव्या दिवशी बाटल्या माझ्या जागेवर पाहिजेत."

मालकीणबाई म्हणाल्या, "आठ आठवड्यांत दहा दिवस ना? चालेल. आणि कपडे कुणाच्या तोंडावर फेकायचे नाहीत."

"फेकणार नाही. हातात देईन."

दहा दिवस हिने काउंटरवर तोंडाला कुलूप लावून काढले, पट्टीवर बाही ओढून. अकराव्या दिवशी चादरवाली काउंटरवर आली नि ही टेबलावर. समेट वगैरे काही झाला नाही हं, कुणी तसं समजू नये. चादरवालीने जाताना बाटल्या उलट्यापालट्या करून ठेवल्या होत्या, हिने त्या वास घेऊन घेऊन लावल्या आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

इस्त्रीवाल्याला वाटलं, आता जुनी मजा सुरू. फळीवरून ओरडला, "काय गं, किती उरलो मी?"

तिने मान वर केली नाही. पुढ्यात एका गिऱ्हाइकाचा पांढरा कोट होता, बाहीवर द्राक्षाच्या रसाचा डाग, दोन दिवसांचा. "ए इस्त्री," ती म्हणाली, "माझ्या कामात आहे मी."

त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

सातव्या सिटिंगपर्यंत पाकळ्या गेल्या, अक्षरं करडी झाली, मग धुरासारखी. अजून दोन लागतील म्हणतात. ती आता खिडकीशी जाऊन बघत नाही. मीच परवा विचारलं, "अगं, गेलं का पूर्ण?" तर म्हणाली, "बघितलं नाही हो. या आठवड्यात हॉटेलच्या पडद्यांचे सव्वीस नग आलेत, सगळे गंजलेले."