विहिरीपलीकडचा गोठा

आमचा संशोधन विभाग सुरू झाला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. इथल्या लाल कंधारी गायीचा परदेशी वळूशी संकर करून परभणीच्या उन्हातही भरपूर दूध देणारी गाय घडवायची, असं सरकारने ठरवलं होतं. मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा त्या संकराच्या नाती-पणत्या गोठ्यात रवंथ करत होत्या.

धारा काढायला पालमकडच्या एक मावशी होत्या, रोजंदारीवर. एका पावसाळ्यात दोन गायी गाभडल्या, दिवस भरायच्या आतच वासरं मेलेली पडली. मावशींनी उघड्या हातांनी आत अडकलेली वार काढली. हातमोजे प्रयोगशाळेत होते, गोठ्यात नव्हते. मी गायींचं रक्त तपासलं. सांसर्गिक गर्भपाताचा रोग निघाला, माणसालाही लागणारा, आणि पुढच्या तपासणीत निम्मा गोठा बाधित. कापायला कायद्याने बंदी, विकणं तर पापच. विभागाच्या साहेबांनी विहिरीपलीकडे पत्र्याचा गोठा उभारला. मरेपर्यंत गायी तिथेच राहणार होत्या. संकराचं काम तेव्हाच थांबलं.

त्या गायींचं चारापाणीही मावशींनी मागून घेतलं. दिवाळीनंतर त्यांना रोज संध्याकाळी ताप भरायला लागला, सांधे धरले. मी त्यांचंही रक्त काढलं. तपासणीच्या पांढऱ्या पट्टीवरच्या गुलाबी थेंबात कण धरले, म्हणजे बाधा होती.

"काय निघालं, ताई?"

"गायींना आहे तेच."

"मंग मला बी तिकडंच बांधता का आता?" त्या हसल्या नाहीत.

सिव्हिलच्या गोळ्यांनी ताप गेला, पण बोटं आखडली ती आखडलीच. धार काढता येईना, म्हणून काम सुटलं. मी साहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. "कायम असत्या तर काही करता आलं असतं," म्हणाले.

"पोरगं ऊसतोडीला जायलाय," मावशी म्हणाल्या. "लेकरं सांभाळाया जाते त्याच्यासंगं."

त्यानंतर गायी एकेक करून गेल्या. शेवटची यंदा संक्रांतीनंतर. जेसीबीने खड्डा खणला, वरून चुना टाकला. बघायला मी आणि चालक, दोघंच. मी मावशींना फोन लावला. मागे उसाच्या फडातला गलका ऐकू येत होता.

"खड्डा खोल केला न्हवं? कुत्री लय उकरत्यात."

"केला," मी म्हटलं.

"बरं झालं, सुटली," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

उन्हाळ्यात विभागाची पाटी उतरली. माझी बदली सेलूला झाली. इथे लोक शेळ्यांचं रक्त घेऊन येतात. पट्टीवर थेंब टाकण्याआधी मी विचारते, वार कुणी काढली.