कुकूचं बारसं

इथे आखातात शुक्रवारची सुट्टी; सकाळी माबेलातल्या घरून डोंगरापलीकडच्या इब्रा गावाकडे निघाले, तेव्हा शेजारच्या सीटवर पेढ्यांचा डबा होता. पूर्वी आमच्या ऑफिसात असलेल्या सुदानी इद्रिसच्या पहिल्या मुलाची आज ‘सिमाया’ (बारसं) होती. डोंगर फोडून काढलेल्या रस्त्यावर मी मोठ्या तोऱ्यात गाडी हाणली आणि नेमकं वळण चुकले. पोचेपर्यंत उन्हानं पेढ्यांचा लगदा झाला होता.

घर सुदानी शेजारणींनी भरलेलं होतं. ‘असीदा’ (ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड) आणि वाळल्या भेंडीचं चिकट कालवण पुढे आलं. ज्वारी म्हटल्यावर मी कसली लाजतेय! दोनदा मागून घेतलं.

इद्रिसची आई सुदानातल्या युद्धामुळे नुकतीच मुलाकडे आली होती. नातवाला मांडीवर घेऊन ती पुटपुटत होती, “कुकू, कुकू.”

मोडक्यातोडक्या अरबीत मी विचारलं, “अम्मा, कुकू म्हणजे?”

“आमच्यात पहिला मुलगा कुकू, दुसरा काफी. इद्रिसही कुकूच.”

शेजारणींनी कान टवकारले. एकीनं विचारलं, “म्हणजे तुम्ही नुबा?”

नुबा हे सुदानच्या डोंगराळ भागातले लोक. शहरात आले की पुष्कळांची भाषा सुटते, नावं अरबी होतात, आणि हळूहळू घराणंही अरबी सांगितलं जातं.

“आम्ही अरब आहोत,” दारातून इद्रिस म्हणाला. “मुलाचं नाव अहमद. अम्मा, खलास (पुरे)!”

म्हातारीनं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं. नसती चौकशी मीच केली होती.

निघताना इद्रिस गाडीपर्यंत आला. “उख्ती (ताई), शाळेत मास्तरांनी मला इद्रिस केलं. कुकू म्हटलं की पोरं हसायची. माझ्या मुलाला कुणी जमात विचारू नये, एवढंच.”

“माझ्या वडिलांनीही त्यासाठीच आडनाव बदललं,” मी म्हणाले. “आडनावावरून लोक जात ओळखायचे. मग त्यांनी गावाचं नाव लावलं.”

“मग विचारायचे थांबले?”

“छे! आता गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारतात.”

तो हसला. “जुनं आडनाव काय होतं?”

वडिलांनी ते कधी सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

त्याची आई नातवाला घेऊन निरोप द्यायला दारात आली होती. मागे शेजारणी होत्या. इद्रिसनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, “अम्मा, कुकूला उन्हात आणू नकोस!”

परतीच्या वाटेवर डोंगर कधी मागे गेले, कळलं नाही. आमच्यात ते आडनाव ठाऊक असेल अशी एक आत्या तेवढी उरली आहे, आणि तिला हल्ली कमी ऐकू येतं. घर गाठेपर्यंत मला धीर निघेना. पेट्रोल पंपावर गाडी थांबवून फोन लावला. शेजारच्या गाडीतलं कुटुंब मराठीत बोलत होतं. तरी मी जोरात विचारलं, “आत्या, आपलं आधीचं आडनाव काय होतं गं?”